एका नावाची घोषणा

"नातं" असं छापलेल्या रकान्यापाशी आईचं पेन अडलं.

तोवर सगळं एका दमात भरून झालं होतं. स्वतःचं नाव झियादा, जन्मसाल, ताराझ शहरातल्या आमच्या पाचव्या मजल्यावरच्या घराचा पत्ता, कर्ज कोणत्या साली घेतलं ते. आईचं अक्षर बसच्या वेळापत्रकासारखं आहे, सुटं आणि लांबून वाचता येणारं. आता मात्र पेन कागदाला टेकलेलं होतं आणि शाईचा ठिपका मोठा मोठा होत चालला होता.

"दीर लिही," अपा म्हणाली.

अपा म्हणजे माझी आजी, बाबांची आई. ती बँकेत येताना पांढरा रुमाल बांधून आली होती आणि खुर्चीत अशी बसली होती की जणू बँक तिची आहे आणि कर्ज बाकीच्यांनी काढलंय.

समोरच्या बाईच्या पापण्या चिकटवलेल्या होत्या, इतक्या लांब की तिने खाली पाहिलं की गाल झाडल्यासारखे वाटत. तिने वर न बघताच सांगितलं, कर्ज फिटेपर्यंत घर आमच्याकडे तारण आहे, तोवर त्यावर दुसरं नाव चढवायचं तर नवरा-बायको, आई-वडील किंवा सज्ञान मूल. दीर चालत नाही. मग तिने यंत्रात काकाच्या, म्हणजे ज्याचं नाव चढवायचं होतं त्याच्या, ओळखपत्राचा क्रमांक टाकला आणि एकदम हसली.

"अहो, पण हा तर तुमचा मुलगाच आहे की. जन्मदाखल्यावर आई म्हणून तुमचंच नाव आहे. एर्सायीन. बघा ना." तिने पडदा आमच्याकडे वळवला, हरवलेला हातमोजा सापडल्यावर दाखवावा तसा. "मग मुलगा लिहा. एका मिनिटाचं काम."

आम्ही तिघींनी पडद्याकडे पाहिलं आणि मग तिघींनी तीन दिशांना पाहिलं. अपाने रुमालाची गाठ घट्ट केली आणि उठली.

"तुमचं यंत्र चुकलंय," ती म्हणाली आणि दार ढकलून वाऱ्यात निघून गेली.

आईने अर्जाची चौपदरी घडी घातली, पेनाला टोपण लावलं, त्या बाईचे आभार मानले. टोपण तिने दोनदा दाबून पाहिलं.

आता कोणाला वाटेल की काहीतरी मोठं गुपित फुटलं. तसं काही नाही. हे मला सात वर्षांची असल्यापासून माहीत आहे, आमच्या जिन्यातल्या सगळ्यांना माहीत आहे, काकाला तर आहेच. आमच्याकडे पहिलं नातवंड बापाच्या आईचं. ते तिच्या कुशीत जातं, तिचं धाकटं मूल होतं आणि पुढे त्याचा कोणी विषय काढत नाही. माझ्या वर्गात अशी चार मुलं आहेत. ती आपल्या बापाला दादा म्हणतात आणि आईला वहिनी. अपा या एका शब्दात आमच्याकडे आई, आजी, सासू सगळ्या बसतात, त्यामुळे निदान तिला हाक मारताना कोणाचा गोंधळ होत नाही.

तर एर्सायीन माझा काका. आईच्या पोटी आला, वर्षभर आईचं दूध प्यायला आणि बोलायला लागला तेव्हा अपाने त्याला आईकडे बोट दाखवून शिकवलं, वहिनी. मग बाबांना शहरात ट्रकवर काम मिळालं. आई-बाबा ताराझला आले आणि काका गावी अपाकडे राहिला. मी काकानंतर पाच वर्षांनी झाले. तोवर पहिल्याचा मान देऊन झालेला होता, म्हणून मी आईकडे राहिले. बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली.

दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे सून सासरच्या माणसांची नावं घेत नाही. दिराचंसुद्धा नाही, मग तो पाळण्यात का असेना. ती त्यांना आपल्या मनाने एकेक नाव ठेवते. आईने काकाला ठेवलेलं नाव मिर्झा. "मिर्झा, जेवायला या." "मिर्झा, टोपी घाला, गार आहे." असं ती तो एक वर्षाचा असल्यापासून म्हणते आहे. त्याचं खरं नाव तिच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही.

आणि माझ्या आईचं काम काय, तर नावं घेण्याचं. ती बस-स्थानकावर काचेच्या खोलीत बसते आणि माइकवरून गाड्या पुकारते. "मेर्कीला जाणारी गाडी फलाट तीनवर." थोडं थांबून, पुन्हा तेच. प्रत्येक घोषणा दोनदा करायची असा तिथला नियम आहे. घरात आईचा आवाज चहाच्या वाफेएवढा. पण ती माइकपुढे बसते, मान बाजूला वळवून एकदा खाकरते, बटण दाबते आणि मग जो आवाज निघतो तो स्थानकाबाहेर कलिंगडं विकणाऱ्यांपर्यंत जातो. शू, कुलान, कारातौ, झानातास. सगळी गावं तिच्या आवाजात अशी वाटतात की आत्ता उठून जावं.

एक गाव सोडून. त्या गावाचं नाव आणि बाबांच्या आजोबांचं नाव एकच आहे. नवीन नोकरी होती तेव्हा आईने सासरचा मान राखून माइकवर सांगितलं, "लाल पुलापलीकडच्या गावाला जाणारी गाडी फलाट एकवर." दोनदा सांगितलं. त्या दिवशी सतरा माणसं भलत्याच लाल पुलापलीकडे जाऊन उतरली. एक जण तर लग्नाला निघालेला होता, त्याने तिकडून फोन करून आईला जे ऐकवलं ते ऐकून साहेबांनी नियम केला, ती एक गाडी राया पुकारेल. राया आईची जोडीदारीण, रशियन आहे, तिला सासऱ्यांचं काही पडलेलं नाही. आजही ती एक गाडी रायाच पुकारते. गावाचं नाव मीही इथे लिहीत नाही, आई वाचेल.

अशा बाईला "मुलगा" लिहायला सांगत होते.

अपाचं म्हणणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. गावचं घर तिचं. ते आमच्या रीतीप्रमाणे धाकट्या मुलाचं, म्हणजे काकाचं व्हायचं. बाबा गेल्यावर आई माझ्यासह आधीच्याच भाड्याच्या खोलीत, अपा आणि काका तिकडे गावात, असं दोन वर्षं चाललं. मग अपाने ते घर विकलं आणि सगळे पैसे या फ्लॅटसाठी आईच्या हातात ठेवले. उरलेलं कर्ज बँकेने आईच्या पगारावर दिलं, कारण अपाचं वय झालेलं आणि काका तेव्हा सतरा वर्षांचा. त्यामुळे घर एकट्या आईच्या नावावर. आता काका एकवीस वर्षांचा आहे, लिफ्ट दुरुस्त करतो, शहरभरच्या लिफ्ट चालू ठेवतो आणि आमच्या इमारतीची मात्र दर गुरुवारी बंद. अपा पाच मजले चढताना प्रत्येक मजल्यावर थांबून त्याचा उद्धार करते.

"पोराचं लग्न करायचंय शरदात," अपा म्हणायची. "सून उंबरा ओलांडेल तो कोणाचा? भावजयीचा?"

मुलगी ठरलेली नव्हती. मुलगी पाहिलेलीसुद्धा नव्हती. काका मुली पाहायला निघाला की बुटांच्या नाड्या बांधायला वाकायचा आणि वर यायचाच नाही. पण अपाला उंबरा आधी हवा होता. तिने आपल्या धाकट्याचं घर विकलं होतं, त्याचं नाव कुठेतरी असल्याशिवाय तिला डोळे मिटायचे नव्हते. तिला त्याचं नाव हवं होतं, पण आपला मुलगा म्हणून. बँकेला ते हवं होतं आईचा मुलगा म्हणून.

बँकेतून परत आल्यावर अपाने तीन दिवस आईच्या हातचा चहा घेतला नाही.

हे किती मोठं आहे ते कसं सांगू. आमच्या घरात जेवायचं कापड, दस्तरखान, अंथरलं की अपा दारासमोरच्या मानाच्या जागी बसते आणि आई चहाच्या किटलीपाशी. आई अर्धी अर्धी वाटी ओतते आणि पुन्हा पुन्हा देते. वाटी भरून दिली तर त्याचा अर्थ, आता उठा. मी जन्मल्यापासून आई त्या किटलीपाशीच बसलेली आहे. त्या तीन दिवसांत अपा उठून स्वयंपाकघरात जायची, स्वतः चहा करायची आणि उभ्यानेच प्यायची, वाटी काठोकाठ भरून. आई तिच्याकडे पाठ करून पिठाचे गोळे, बाउर्साक, तळत राहायची. काकाने एकदा शिट्टी वाजवायला सुरुवात केली आणि मध्येच बंद केली.

गेल्या वर्षापर्यंत मी असं काही झालं की पांघरुणात शिरायचे. यंदा शाळेत सकाळच्या सूचना मी माइकवरून देते, आणि एकदा सातशे पोरांपुढे बोलून दाखवलं की माणसाला वाटायला लागतं, आपण कुठेही बोलू शकतो. म्हणून दुसऱ्या दिवशी मी जेवताना बोललेच. मी म्हणाले की हा नुसता कागद आहे, कागदावर काहीही लिहिलं तरी घरात काका काकाच आहे, तर लिहून टाका आणि संपवा.

"भोंगा," काका हळूच म्हणाला. तो मला भोंगा म्हणतो. "बंद."

"कागद," अपा म्हणाली. तिने पाव मोडला. "सोळा वर्षांची झाली, हिला कागद कळायला लागला. तुझ्या बापाचा कागद आला तेव्हा मी काय म्हणाले, नुसता कागद आहे?"

मग मी खरंच बंद झाले. बाबांच्या अपघाताचा तो कागद अपाने स्वतः सही करून घेतला होता.

काकाचं म्हणणं त्याने आईला भांडी पुसताना सांगितलं. मी दाराशी होते, मला ऐकू आलं. त्याला नाव नको होतं. तो म्हणाला की त्याला राहायला जागा आहे, किल्ली आहे, आणि लग्न काही उद्या नाही. आईने त्याच्या हातातली पुसलेली वाटी घेतली आणि ती पुन्हा पुसली.

आईला अपाच्या परवानगीची गरज नव्हती, हे मला मागाहून सुचलं. घर तिचं, मुलगा कागदावर तिचा. ती जेवणाच्या सुट्टीत बँकेत जाऊन तो रकाना भरून आली असती तर कोणाला कळलंही नसतं. स्थानकापासून बँक दोन थांबे. त्या दोन थांब्यांचा विचार तिच्या मनात आला असेल की नाही कोण जाणे. चौपदरी घडीचा तो अर्ज मात्र तिच्या पर्समध्येच होता, रोज कामावर जात होता आणि परत येत होता.

चौथ्या दिवशी सकाळी आई कामावर निघायच्या आधी अपासमोर गुडघे टेकून बसली, किटली बाजूला ठेवून.

"अपा," ती म्हणाली, "अकरा वर्षांनी कर्ज फिटतंय. मग बँकेचा काही संबंध नाही, कोणाचंही नाव चढवता येतं. तेव्हा मी मिर्झांचं नाव दीर म्हणूनच चढवीन. तोवर राहू दे. मी काही लिहीत नाही."

अपा तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती "बरं" म्हणेल, कारण तिला जे हवं तेच आई देत होती. दप्तराचा पट्टा हातात धरून मी दारात उभी होते आणि शाळेला उशीर होत होता.

"अकरा वर्षं," अपा म्हणाली. "म्हणजे मी एकोणऐंशीची."

"हो."

"आणि तू थांबशील."

"मी थांबलेलीच आहे की," आई म्हणाली. तिने ते काही टोमणा म्हणून म्हटलं नाही. गाडीला उशीर आहे असं प्रवाशाला सांगावं तसं म्हटलं. मग उठली, कोट चढवला, कामावर गेली.

संध्याकाळी आई परत आली तेव्हा अपाने वाटी पुढे केली, न बघता. आईने अर्धी भरली. अपा प्यायली, वाटी परत पुढे केली आणि म्हणाली, "तो अर्ज दे त्या पापणीवालीला. काय लिहायचं ते लिही. मला वाचून दाखवू नकोस."

बँकेची संमती यायला तीन आठवडे लागले. त्यानंतर दस्त करायला नोटरीकडे जायचं होतं. तिथे फक्त आई आणि काकाने जायचं, अपाचं काही काम नव्हतं. पण निघायच्या दिवशी अपा पांढरा रुमाल बांधून, चष्म्याची पेटी हातात घेऊन दाराशी बसलेली. मला शाळेला सुट्टी होती. त्यामुळे आम्ही चौघेही गेलो, आणि लिफ्ट बंद होती.

नोटरीबाई जाड्या, दमेकरी आणि टेबलाखाली पायात घरातल्या सपाता घातलेल्या होत्या. खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या. दार उघडंच होतं, बाहेर बाकांवर दहाबारा माणसं आपापल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली. बाईंनी ओळखपत्रं तपासली, बँकेचं पत्र वाचलं, शिक्का कुठे मारायचा तिथे पेन्सिलने खूण केली आणि चष्म्यावरून आईकडे पाहिलं.

"कोणाला देताय? पूर्ण नाव सांगा, नातं सांगा."

"सगळं लिहिलंय त्यात," आई म्हणाली.

"लिहिलंय ते मलाही दिसतंय. मला तुमच्या तोंडून ऐकावं लागतं, बाई. कोणी धमकावून आणलंय की तुम्ही आपल्या मर्जीने देताय, ते मला नाहीतर कसं कळणार?"

आईने तोंड उघडलं. काही आलं नाही. तिने ओठ मिटले, पुन्हा उघडले. नोटरीबाईंनी पाणी हवं का विचारलं. काका बुटांकडे बघत होता. अपा जिरेनियमकडे. माझ्या जिभेवर ते नाव अगदी येऊन बसलं होतं, जिथे कुठे गप्पपणा दिसेल तिथे मी घुसतेच, पण काकाने न बघता माझ्या पायावर पाय ठेवला.

आईने अपाकडे पाहिलं.

अपाने जिरेनियमचं एक वाळकं पान तोडलं, मुठीत धरलं. "सांग की," ती म्हणाली. "हे ऑफिस आहे. घर नव्हे."

मग आईने पाठ सरळ केली. मान बाजूला वळवून एकदा खाकरली. तिचं बोट टेबलाच्या कडेवर गेलं आणि तिथे नसलेलं बटण तिने दाबलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"एर्सायीन सेरिकबायूली," ती म्हणाली. "माझा मुलगा."

स्थानकावरच्या आवाजात. तिच्याकडे या नावासाठी दुसरा आवाज नव्हताच, घरातला आवाज त्यासाठी कधी वापरलेलाच नव्हता. खिडकीची काच वाजली. बाहेरच्या बाकांवरची सगळी डोकी वर झाली आणि एक म्हातारा पिशवी उचलून चक्क उभा राहिला, गाडी लागली की काय असं वाटून.

आई थोडी थांबली.

"एर्सायीन सेरिकबायूली. माझा मुलगा."

"ऐकलं हो मी," नोटरीबाई म्हणाल्या. "मी दम्याची आहे, बहिरी नाही."

काकाचे कान लाल झाले होते, मागून दिसणारी मानसुद्धा. सही करताना त्याने पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावरही ती उमटली. आईने सही केली, सुटी, ठसठशीत. अपाला कुठेच सही करायची नव्हती. तरी तिने पेटीतून चष्मा काढला, रुमालाच्या टोकाने पुसला, डोळ्यांवर चढवला, रिकाम्या टेबलाकडे थोडा वेळ पाहिलं आणि परत पेटीत ठेवला. पेटी बंद व्हायला तयार नव्हती. तिसऱ्यांदा झाली.

बाहेर आल्यावर काकाने आईची पर्स, अपाची पिशवी आणि माझा डबा सगळं स्वतःच उचललं, त्यामुळे त्याला फलाटावरच्या हमालाची कळा आली होती. वारा नेहमीचा, धूळ नेहमीची. बाजाराच्या कोपऱ्यावर अपा थांबली आणि म्हणाली मटण घ्यायचंय. खाटकाने मांडी पुढे केली, तिने हात हलवला. बरगड्या दाखवल्या, नको.

"मान दे," ती म्हणाली. "अख्खी."

मला तेव्हा कळलं नाही. आईला कळलं असावं, कारण ती एकदम वळली आणि शेजारच्या दुकानातल्या कांद्यांकडे बघायला लागली, आणि कांदे तर घरी पोतंभर होते.

आमच्याकडे बाळंतिणीला मेंढीच्या मानेचा रस्सा देतात. मानेचं हाड तिने स्वतः चावून, चोखून लख्ख करायचं, मांसाचा एक धागा ठेवायचा नाही. मग ते हाड उंच जागी टांगायचं. जितकं हाड स्वच्छ, तितकी बाळाची मान लवकर धरते. माझं हाड आमच्या भाड्याच्या खोलीत खिडकीवरच्या खिळ्याला किती तरी वर्षं होतं, मी ते पाहिलेलं आहे, आणि माझी मान कशी ताठ आहे ते शाळेत कोणालाही विचारा.

काका झाला तेव्हा ते हाड अपाने खाल्लं होतं. मूल तिचं, म्हणून हाडही तिचं. हे अपाच मोठ्या अभिमानाने पाहुण्यांना सांगायची, तेव्हा तिचे दात कसे मजबूत होते ते सांगण्यासाठी. आई तेव्हा चहा ओतत असायची.

त्या दिवशी अपाने आईला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. तीन तास रस्सा उकळत होता, सगळ्या घराला मिरीचा आणि कांद्याचा वास. मग अपाने दस्तरखान अंथरलं, किटली स्वतःकडे ओढली आणि आईला म्हणाली, तिकडे बस. तिकडे म्हणजे मानाच्या जागी, दारासमोर. आई बसली खरी, पण अर्धी, कधीही उठायची तयारी ठेवून. अपाने मोठ्या वाडग्यात रस्सा ओतला, वाफाळती अख्खी मान तिच्यापुढे ठेवली आणि हात फडक्याला पुसले.

"तेव्हा मी खाल्लं होतं," ती म्हणाली. "हे तुझं. नीट खा."

आईने वाडग्याकडे पाहिलं. मग काकाकडे, जेमतेम.

"अपा, माझी मान धरून एकवीस वर्षं झाली," काका म्हणाला.

"मुली पाहायला नेलं की कशी खाली जाते ती मान, मला माहितेय," अपा म्हणाली. "तू गप बस आणि पाव खा."

आई खायला लागली. आम्ही आमचं खाल्लं, शाळेचं बोललो, रायाच्या मुलीचं बोललो, लिफ्टचं बोललो. आई फक्त खात होती. तिने ते हाड दोन्ही हातांनी धरलं होतं आणि एकेक खाच, एकेक भोक दातांनी, मग सुरीच्या टोकाने, मग पुन्हा दातांनी साफ करत होती. चेहरा रश्शाच्या वाफेने ओला झालेला, तो तिने पुसला नाही. आमचं जेवण संपलं तरी ती खात होती. अपा किटलीपाशी बसून थांबली, घाई केली नाही. शेवटी आईने ते हाड फडक्यावर ठेवलं. पांढरं, कोरडं, धुतलेल्या वाटीसारखं.

तिने ते उचललं आणि उभी राहिली, पण कुठे न्यायचं ते तिला सुचेना. या घराच्या भिंती काँक्रीटच्या, एकाही भिंतीत खिळा नाही. पडदेसुद्धा चिकटवलेल्या पट्टीवर आहेत.

काका उठला. आपल्या हत्यारांच्या पेटीतून ड्रिल घेऊन आला, तोंडात खिळा धरलेला. स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारी स्टूल ओढलं आणि वर चढला.

"खिळा मारायला बँकेची परवानगी लागते का?" मी विचारलं.

"पापणीवालीला विचार जा," अपा म्हणाली.

काकाने भिंतीवर बोट ठेवलं. "वहिनी, किती वर?"

"जरा वर, मिर्झा," आई म्हणाली, घरातल्या आवाजात. "अजून थोडं. हां, तिथे."

शेजारणीने भिंत ठोकली, कारण ड्रिलचा आवाज भयंकर होता. पांढरी धूळ काकाच्या केसांवर पडली. हाडाच्या भोकातून आईने माझी केसांची लाल रिबीन ओवली, गाठ मारली आणि त्याच्या हातात दिलं. त्याने टांगलं, खाली उतरला आणि पेटी ठेवायला निघून गेला.

मग अपाने आईला चहा ओतून दिला. अर्धी वाटी. आई प्यायली, अपाने आणखी अर्धी दिली. खिडकी उघडी होती आणि ताराझचा वारा आत येत होता. हाड मधूनमधून भिंतीला लागत होतं, टक, आणि थोड्या वेळाने पुन्हा टक. प्रत्येक वेळी आई वाटी ओठांपासून दूर करायची आणि तिकडे बघायची, आतल्या खोलीत मूल जागं झालं की काय ते बघतात तशी.